चिठ्ठीची मागची बाजू

"आणि चुकली तर?"

एवढं विचारून ते कानावरची पेन्सिल हातात घ्यायचे. समोरच्या माणसाला आधी कळायचंच नाही, काय चुकली? तो बिचारा नुकताच हरखून सांगत असायचा, की पहाटे दिल्लीत उतरणार, दुपारची गाडी धरणार आणि संध्याकाळी हॉटेलवर चहा घेणार. तेवढ्यात हा प्रश्न यायचा आणि हरखलेलं तोंड तिथल्या तिथं पडायचं. शेजारच्या टेबलावर मी कपाळाला हात लावायची. गिऱ्हाइकानं अजून तिकीटसुद्धा काढलेलं नाही, आणि आमचे अण्णा त्याची गाडी चुकवून मोकळे!

कोल्हापुरात स्टँडजवळच्या बोळात, पहिल्या मजल्यावर आमचं ट्रॅव्हल्सचं ऑफिस आहे. तुमच्यापैकी कुणी इथून काश्मीर, राजस्थान, आसाम असं लांब फिरायला गेला असाल, तर त्यांना पाहिलं असेल. बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेला पांढरा शर्ट, कानावर पेन्सिल आणि पाठीमागं भिंतीवर भारताचा भला मोठा नकाशा. नकाशावर जिथं जिथं त्यांचं बोट जायचं तिथला रंग उडून गेला होता. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, मीही म्हणायची. ते जयसिंगपूरचे, जैन घरातले. रोज तिथून ये-जा करायचे. ऑफिस साडेदहाचं, पण ते साडेआठला हजर. कारण नंतरची गाडी चुकली तर?

मी कागलहून स्कूटरवर यायची आणि रोज दहा मिनिटं उशिरा पोचायची. ते घड्याळाकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "आलीस? बरं झालं. मला वाटलं हायवेला काय झालं की काय." रागावले असते तर मी चार शब्द सुनावले तरी असते. माझं तोंड काही गप्प बसणारं नाही. पण रोज आपल्या जिवाची काळजी करणाऱ्या माणसाशी भांडणार कसं?

त्यांचं काम मात्र असं, की मी कॉम्प्युटरवर बोटं आपटत बसायची तोवर त्यांचं सांगून व्हायचं. कुठून कुठं रेल्वे बरी, कुठं विमानाला पर्याय नाही, कुठं रात्रीची स्लीपर बस घेतली की कंबर कामातून जाते, डोंगरात शेअर जीप दुपारी दोननंतर का मिळत नाही, ब्रह्मपुत्रेतल्या बेटावर जाणारी शेवटची फेरी किती वाजता सुटते, सगळं तोंडपाठ. एकदा एक फिरंगी जोडपं पाठीवर बोचकी घेऊन आलं. त्यांना हंपीला जायचं होतं. अण्णांना इंग्रजी जेमतेम. त्यांनी नकाशावर बोट ठेवून मोठ्यानं आपल्याच भाषेत सांगितलं, "पावणं, हितनं मिरज. मिरजेला गाडी बदला. आणि चुकली तर यष्टी! हुबळीपतूर यष्टी!" ती दोघं मान डोलवत राहिली. महिन्याभरानं त्यांचं हंपीच्या रथाचं चित्र असलेलं कार्ड आलं. त्यावर खाली मराठी अक्षरं गिरवून "यष्टी" लिहिलं होतं.

जाणाऱ्या प्रत्येकाला ते पिवळ्या कागदाची एक चिठ्ठी द्यायचे. पुढच्या बाजूला गाड्या, वेळा, फलाट. मागच्या बाजूला मथळा "चुकली तर", आणि त्याखाली प्रत्येक टप्प्याची दुसरी वाट. सिक्कीमला गेलेलं एक प्राध्यापकांचं कुटुंब दरड कोसळून अडकलं होतं. त्यांनी चिठ्ठी उलटली, मागं लिहिलेल्या गावापर्यंत चालत गेले, तिथून जीप धरली आणि खाली पोचले. येताना त्यांनी अण्णांना लोकरी टोपी आणली. कोल्हापुरात एप्रिलच्या उन्हात आठ दिवस ती टोपी घालून बसले होते. माणसांनी प्रेमानं आणलीय, न घालून चालतंय व्हय, म्हणायचे.

जैन मंडळींच्या चिठ्ठीवर आणखी एक ओळ असायची. दिवस मावळायची वेळ. तुम्हाला ठाऊकच आहे, कडक पाळणारी माणसं सूर्यास्तानंतर अन्नाचा कण घेत नाहीत, काही तर पाण्याचा थेंबही नाही. म्हणून जेवणाचा डबा कुठल्या स्टेशनवर मिळणार आणि त्यानंतर दिवस किती उरणार, हे अण्णा मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून लिहायचे.

आणि एवढा देश पाठ असलेला हा माणूस स्वतः मिरजेच्या पुढं कधी गेला नव्हता.

"अण्णा, एकदा जावा की कुठंतरी," मी डिवचायची.

"मी गेलो तर हितं फोन कोण उचलणार?"

"मी उचलते की!"

"तू दहा मिनिटं उशिरा येतीस."

पण एकदा पाऊस कोसळत होता, गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं. ते सात-आठ वर्षांचे असताना आई-वडील यात्रेला निघाले होते. मिरजेला गाडी बदलायची होती. गर्दीत आई-वडील आत चढले आणि ही दोघं भावंडं फलाटावर राहिली, हे आणि त्यांची मोठी बहीण अक्का. गाडी निघून गेली. वडील पुढच्या स्टेशनवर उतरून परत येईतोवर पुरा दिवस गेला. अक्का तेव्हा बारा-तेराची. तिनं दिवसभर ह्यांचा हात सोडला नाही.

"तवापासनं ह्ये," छातीवर बोट ठेवून ते म्हणाले, "हितं सारखं हलतंय बघ. गाडीची शिट्टी ऐकली की हलतंय."

त्या दिवसापासून मी त्यांच्या प्रश्नाला हसायचं बंद केलं. निदान तोंडावर तरी.

मग तो डिसेंबर आला. अक्का सम्मेद शिखरजीला निघाली. जैनांचं मोठं तीर्थ, म्हणजे पार झारखंडात, देशाच्या दुसऱ्या टोकाला. वय सत्तरीच्या पुढं, मधुमेह, दोन वेळा इन्सुलिनची सुई. चाळीस वर्षांचा नियम, सूर्यास्तानंतर अन्न-पाणी नाही आणि आदल्या दिवशीचं शिळं नाही. तिची सून सुजाता सोबत जाणार होती. विमानानं जायला अक्का तयार नव्हती. यात्रेला काय उडत जायचं, म्हणाली. अण्णांनी त्या चिठ्ठीवर पंधरा दिवस काम केलं. वाटेतल्या प्रत्येक गावच्या धर्मशाळेला फोन केले. ताजा डबा कुठं, सुई किती वाजता, सगळं लिहिलं. मागची बाजू पुरेना म्हणून खाली आणखी एक कागद चिकटवला.

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गाडी शिखरजीजवळच्या स्टेशनात पोचणार होती. पण उत्तरेत धुकं पडलं आणि गाडी तासातासानं मागं पडत गेली. सकाळपासून अण्णांनी पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. मी मोबाइलवर गाडी कुठं आहे ते बघून सांगायची आणि ते नकाशावर बोट सरकवायचे. शेवटी त्यांनी चिठ्ठीची मागची बाजू काढली. गाडीला उशीर झाला तर जेवणाचा डबा वाटेतल्या गयेला. तिथल्या धर्मशाळेत त्यांनी फोन लावला. पलीकडच्या माणसानं विचारलं, "सूर्यास्त के पहले ना?"

"हां हां, बहुत टाइम है," अण्णा म्हणाले. गाडी पाचच्या आत गयेला पोचेल असा अंदाज होता. ती आणखी रेंगाळली. सव्वापाच, मग पाच पंचवीस. तरी अण्णा निवांत! कॅलेंडरावर बोट ठेवून मला म्हणाले, "सहा-पाचला मावळतोय. चाळीस मिनिटं हायत." सुजाताला फोन करून त्यांनी सांगितलं, "पाचला सुई दे. पंचवीस मिन्टांत डबा हातात पडतोय." आणि चहा मागवला. इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं स्वस्थ बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, चला, सुटलो एकदाचे.

साडेपाचला सुजाताचा फोन आला. ती रडत होती.

"मामा, आत्ती जेवंनात! डबा आला, पण डबा घेऊन आलेला माणूस म्हणाला दिवस मावळून वीस मिन्टं झाली. धुक्यात आम्हाला सूर्य दिसलाच न्हाई, आम्ही तुमच्या चिठ्ठीवर होतो. सुई दिलीया मामा! घाम सुटलाय त्यांना, हात थरथरत्यात. साखर तोंडाजवळ नेली तर ओठ मिटून घेत्यात!"

अण्णांनी कॅलेंडराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मोबाइलमध्ये गयेचा सूर्यास्त बघितला. पाच वाजून आठ मिनिटं. आपल्याआधी जवळजवळ तासभर.

ते कॅलेंडर कोल्हापूरचं होतं. वीस-बावीस वर्षं हा माणूस साऱ्या देशाच्या चिठ्ठ्यांवर कोल्हापूरचा सूर्यास्त लिहीत आला होता! घड्याळ देशभर एकच, मग सूर्यही एकाच वेळी बुडत असणार, असं धरून. आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं, कारण माणसं चिठ्ठीकडे नाही, आभाळाकडे बघून जेवतात. ह्या एका दिवशी तिथं आभाळच नव्हतं. चूक त्यांची खरी, पण माझीही होती. माझ्या हातात मोबाइल होता आणि मी एकदाही बघितलं नव्हतं. ते मला अजून टोचतं.

सुईनंतर पोटात काही गेलं नाही तर काय होतं, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. माझ्या सासऱ्यांना मी तसं पडताना बघितलंय. अण्णा फोन धरून नुसते उभे.

"अण्णा, बोला की! काहीतरी बोला!" मी ओरडलेच.

त्यांनी टेबलाकडे बघितलं. खिडकीतून आलेलं तिरपं ऊन पिवळ्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर पडलं होतं. ते एकदम वळले आणि पळाले. गुडघेदुखीनं एकेक पायरी मोजत चढणारा पासष्टीचा माणूस, चपला मागं टाकून गच्चीकडे पळाला. मी मागोमाग.

"संगीता, त्ये तोंड दिसतंय तसलं लाव! तोंड दिसतंय तसलं!"

मी त्यांच्या हातातून फोन घेऊन व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर गाडीचा अंधारा डबा, सुजाताचा रडवेला चेहरा, आणि मग अक्का. पांढरीफटक, कपाळावर घामाचे थेंब, ओठ मिटलेले.

"अक्का, खा."

"बाळ," इतका बारीक आवाज की मी फोन कानाजवळ नेला, "दिवस बुडाला रं."

"न्हाई बुडाला. ह्ये बघ."

त्यांनी माझं मनगट धरून फोन पश्चिमेला वळवला. रंकाळ्याच्या अंगाला सूर्य होता. चांगला वर होता, अजून अर्धा तास तरी जाणार नव्हता.

"बघितलास? तुझं घर हितं हाय. तुझा देव हितं हाय. नियम तू हितं घेतलास. हितला दिवस अजून हाय, अक्का. हितं अजून ऊन हाय. खा गं. मी तुझ्या पाया पडतो, खा."

धाप लागून त्यांचे शब्द तुटत होते. अक्का बघत होती. सूर्याकडे की ह्यांच्याकडे, मला कळलं नाही. तेवढ्यात तिकडं शिट्टी झाली, गाडी हलली, चित्र थांबलं आणि फोन कट झाला.

त्यानंतर फोन लागलाच नाही. मी लावत राहिले, वीस वेळा, तीस वेळा. संपर्क क्षेत्राच्या बाहेर, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. मी सुजाताला शिव्या घातल्या, धुक्याला घातल्या, मोबाइल कंपनीला घातल्या. अण्णा पाण्याच्या टाकीजवळ अनवाणी उभे राहून सूर्याकडे टक लावून बघत होते. डोळे दिपून पाणी येत होतं, तरी नजर काढली नाही. जणू त्यांनी बघायचं सोडलं तर तो खाली जाईल.

"अण्णा, बसा जरा."

"बुडू दे तो मग बसतो."

खाली स्टँडवर कंडक्टर गारगोटी-गारगोटी म्हणून ओरडत होता. मनात नको नको ते येत होतं आणि त्यांच्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं. सूर्य इमारतींच्या मागं गेला. सहा-पाच झाले, सहा-दहा झाले. त्यांनी हात जोडले.

सहा-सतराला फोन वाजला. सुजाता. मी स्पीकरवर टाकला.

"मामा, खाल्लं! पयलं गुळाचा खडा खाल्ला, मग दोन चपात्या. आता झोपल्यात. घाम थांबलाय."

अण्णा टाकीला टेकून खाली बसले आणि लहान पोरासारखे हुंदके देऊन रडले. मीही रडले, लपवायचं काय त्यात.

पंधरा दिवसांनी अक्का शिखरजीचा प्रसाद घेऊन ऑफिसात आली. ठेंगणी, ताठ, डोक्यावर पदर. अण्णांनी तिच्याकडे मान वर करून बघितलंच नाही. "माझ्यामुळं तुझा नियम मोडला," एवढंच पुटपुटले.

"मला काय कळत न्हाई व्हय?" अक्का म्हणाली. "जिथं आपण असतोय तिथलाच दिवस धरायचा असतोय. कोल्हापूरचं ऊन दाखवून मला फसवणार तू?"

"मग खाल्लंस कशाला?"

"तुझं तोंड बघितलं म्हणून. धाप लागलीया, रडायला आलायंस. मला मिरजेचा फलाट दिसला. तवा अंधार पडल्यावर तू भुकेनं रडत होतास. आईनं बजावलेलं, दिवस मावळल्यावर तोंडात काय घालायचं न्हाई. एका बाईनं मूठभर चिरमुरे दिलं, ते मी तुला चारलं आणि आईला कधी सांगितलं न्हाई. तवा मी तुला चारलं, आता तू मला चारलंस. प्रायश्चित्ताचे उपास मी करीन. तू जेव."

अण्णा कसले जेवतात! बहिणीबरोबर त्यांनीही उपास धरले.

आणि मग पुढं काय केलं असेल? जुन्या वह्या काढल्या आणि ज्यांना ज्यांना चिठ्ठी दिली होती त्यांना फोन करत सुटले. "नमस्कार, मी ट्रॅव्हल्समधनं बोलतोय. तुम्ही चार वर्षांमागं शिखरजीला गेलता, तवा तुमचा सूर्यास्त माझ्याकडनं चुकला हुता. माफी असावी." लोक गोंधळून जायचे. एका म्हाताऱ्यांनी तर विचारलं, "मग आता परत जाऊन यावं लागंल का?" हसू आवरून आवरून माझं पोट दुखलं, शेवटी मी टेबलाखाली तोंड घातलं. पण कॅलेंडर मी स्वतः भिंतीवरून काढलं. त्यानंतर प्रत्येक गावाचा सूर्यास्त मी मोबाइलवर बघायचा आणि त्यांनी लिहायचा, असं ठरलं.

पुढच्या डिसेंबरात ते गेले. अक्काबरोबर, शिखरजीला, मिरजेच्या पुढं आयुष्यात पहिल्यांदा. त्यांची चिठ्ठी मी केली. मागची बाजू गच्च भरली, त्यांच्याहून बारीक अक्षरात. देण्याआधी मी ती तीनदा वाचून काढली. ह्या माणसाला शिट्टी ऐकून छातीत हलतं आणि हा दोन दिवस, दोन रात्री गाडीत बसणार! त्या दिवशी मी ऑफिसला साडेआठला पोचले. तीन दिवस साडेआठलाच पोचले. फोन वाजला की दचकायची, नाही वाजला की जास्त दचकायची.

ते परत आले, आणि पुढच्या पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन गेले. आता दोन वर्षं झाली. त्यांच्या टेबलावर मी बसते. पिवळा कागद तोच आहे. नकाशावरचा उडालेला रंग दिसतो तेव्हा तिथं आपलं बोट ठेवावंसं वाटतं, ठेवत नाही. गिऱ्हाईक हरखून सांगत असतं आणि माझ्या तोंडून निघून जातं, "आणि चुकली तर?"

पण ते आठवतात ते टेबलावरचे नाहीत. त्या प्रवासात तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. ह्या खेपेची गाडी संध्याकाळी गयेला पोचणारी होती; ती वेळेआधी येऊन थांबली होती, धुकं नव्हतं, आणि ते फलाटावर उतरले होते.

"संगीता, बुडाला गं! खरंच पाच-आठला बुडाला. माझ्या डोळ्यांनी बघितला. तिकडं काय?"

मी गच्चीवर जाऊन उभीच होते. "इकडं लख्ख ऊन हाय, अण्णा."

"केवढा गं देश," ते म्हणाले. मागून अक्काचा आवाज आला, "बाळ, चढ रं आत, शिट्टी झाली! चुकंल गाडी!"

आणि अण्णा म्हणाले, "चुकू दे की."